विकायची की चालवायची

गाडी विकायची, हे आमच्या घरात ठरून गेलं होतं. ठरवलं बाबांनी. आई काही बोलली नाही, म्हणून तिचंही तेच मत असणार असं आम्ही धरून चाललो.

नव्वदीची शेवटची वर्षं होती. इंदूरच्या कापडाच्या मिल एकेक करून बंद पडल्या, त्यात बाबांचीही. ते साचाखात्यात होते, म्हणजे जिथे माग चालतात तिथे. मिल बंद झाल्यावर सुरुवातीला गेटवर रोज सभा व्हायची आणि बाबा सायकल काढून न चुकता जायचे. मग सभा आठवड्यावर गेली. पुढे गेटवर फक्त एक चौकीदार आणि त्याचं कुत्रं उरलं. बडा गणपतीच्या मागच्या आमच्या गल्लीत मिलवाल्यांची चार-पाच घरं होती. एकाने भाजीचा ठेला लावला, एकजण सियागंजात किराण्याच्या दुकानात काट्यावर बसू लागला. बाबांचा पी.एफ. आला, तेव्हा त्यांनी त्यात आईच्या बांगड्या मोडून आलेले पैसे घालून गाडी घेतली.

खबर आजोबांनी आणली होती. आजोबा म्हणजे आईचे वडील. फौजेत ड्रायव्हर होते आणि रिटायर झाल्यावर इंदूरजवळच्या महूतच राहिले होते. तिथल्या एका फौजी साहेबांची बदली झाली आणि त्यांची पांढरी डिझेल कार विकाऊ निघाली. तोवर शहरात मोटारी दोन-तीन तऱ्हेच्याच असायच्या. आता मात्र दर काही महिन्यांनी रस्त्यावर नवा चेहरा दिसत होता, त्यातलीच ही एक. "नवी टेक्नॉलॉजी आहे," आजोबा बाबांना म्हणाले. "डिझेल पिते, पण ट्रकसारखी खोकत नाही."

बाबांना गाडी चालवता येत नव्हती. त्यांनी ड्रायव्हर ठेवला आणि उज्जैन, ओंकारेश्वर, मांडूच्या ट्रिपा सुरू केल्या. वर्षभर बरं चाललं. मग पीथमपूरच्या एका कारखान्यात ड्रायव्हरला नोकरी लागली. मिठाईचा डबा घेऊन तो पाया पडायला आला. "भिया, उधर बस लेने आती है, वर्दी मिलती है. पक्की नौकरी है," तो म्हणाला. बाबा रागावले नाहीत. पक्क्या नोकरीची किंमत त्यांच्याइतकी कोणाला कळणार होती? "जा बेटा, टिक के रहना," एवढंच म्हणाले.

दुसरा ड्रायव्हर मिळेना. जो भेटे तो पीथमपूरच्या वाटेवर. गाडी दारासमोर कडुलिंबाखाली खडी राहिली. काचेवरच्या धुळीत पोरांनी आपापली नावं लिहिली आणि बोनेटवर मांजर झोपू लागलं. मला वाटतं, ते मांजर बघूनच बाबांनी गाडी विकायचं ठरवलं.

एका सकाळी खजराण्याहून एक गृहस्थ आपल्या मेहुण्याला घेऊन गाडी बघायला आले. बाबांनी आदल्या दिवशी गाडी धुऊन लख्ख केली होती. त्यांनी ऐटीत चावी फिरवली. मीटरच्या बाजूला स्प्रिंगसारखं चिन्ह असलेला एक पिवळा दिवा मिणमिणला, टिक् असा एक आवाज झाला, आणि बस.

गल्ली मदतीला धावली. "लगाओ भिया, दम लगाओ!" असं म्हणत सात-आठजणांनी गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलली, परत आणली. गाडीने एकदा नुसता हिसका दिला. गृहस्थ सज्जन होते. चहा पिऊन उठताना म्हणाले, "पहले चालू करवा लो, फिर बुला लेना." बाबा त्यांना चौकापर्यंत सोडून आले आणि उन्हातच गाडीला टेकून उभे राहिले.

कोपऱ्यावरचा मेकॅनिक मीटर घेऊन आला. त्याने दिवसभर बॅटरी चार्जिंगला लावली. संध्याकाळी बसवून बघितली तर ती पुन्हा बसली. "एक सेल गया इसका," तो म्हणाला. मग दुसऱ्या गाडीची बॅटरी जाड वायरींनी जोडून त्याने आमची गाडी चालू केली आणि इंजिन चालत असताना परत मीटर लावलं. चार्जिंग ठीक होतं. म्हणजे दोष फक्त बॅटरीत. नाहीतर नवी बॅटरी आणली असती आणि तीही आठवड्यात बसली असती, असं त्याने समजावलं. अजून एक गोष्ट त्याने सांगितली. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते, हवा दाबून दाबून तापते आणि त्यातच डिझेल पेट घेतं. त्यामुळे स्टार्टरला जोर जास्त लागतो, आणि त्याआधी इंजिनातले छोटे हीटर गरम व्हायला करंट खातात तो वेगळाच. तो पिवळा दिवा त्या हीटरचाच होता. "इसमें छोटी-मोटी बैटरी नहीं चलेगी, काकाजी," तो बजावून गेला.

बाबांनी अर्धंच ऐकलं. दुसऱ्या दिवशी ते एकटेच गेले आणि सायकलच्या कॅरिअरला दोरीने बांधून एक जुनी, दुरुस्त केलेली बॅटरी घेऊन आले. "विकायचीच आहे. एकदा चालू झाली म्हणजे झालं," ते म्हणाले.

मेकॅनिकने बॅटरी तिच्या जागी ठेवली तर ती डब्यातल्या एकट्या लाडवासारखी हलत होती. शिवाय तिचा प्लस होता डाव्या बाजूला आणि गाडीची जाड लाल वायर होती उजव्या बाजूला. वायर ओढून बघितली, चार बोटं कमी पडत होती. बाबा म्हणाले, "उलटी घुमा दे." फिरवली तर बॅटरी आवळायची पट्टी बसेना आणि प्लसचं टोक लोखंडाला टेकायला आलं. "चिंगारी निकलेगी काकाजी, तार जल जाएगी," असं म्हणत मेकॅनिकने हात वर केले.

बाबा दाराच्या पायरीवर बसले. "मागावर धागा तुटला तर बघता बघता जोडायचो मी," ते कोणाकडेही न बघता म्हणाले. "इथे वायरसुद्धा पुरेना."

आई तेव्हा आत शाळेचे युनिफॉर्म शिवत होती. ती बाहेर आली ती गळ्यात टेप घेऊनच. तिने बोनेटमध्ये वाकून बॅटरीची जागा मापली. लांबी घेतली, रुंदी घेतली. मग जागेच्या तळापासून बोनेटच्या झाकणापर्यंतची उंची घेतली, हे मला सुचलंही नसतं. मला म्हणाली, "इथे समोर उभी राहा. प्लसची वायर तुझ्या कोणत्या हाताला येते?" मी उजवा हात वर केला. "लक्षात ठेव," ती म्हणाली. मग बाबांकडे वळली. "चला, तिघं जाऊ."

मी तेव्हा बी.कॉम.ला होते आणि कॉलेज बुडवायला काहीही कारण चालायचं. रिक्षात मध्ये ती जुनी बॅटरी आणि दोन्ही बाजूंना आम्ही, असे निघालो. ज्याने बॅटरी दिली होती त्याने कुरकुर करत ती परत घेतली. तिथून आम्ही इंदूरच्याच छावनी भागातल्या एका मोठ्या दुकानात गेलो. दुकानदार वयस्क होते, डोळ्यांवर जाड चष्मा, बोलणं संथ. त्यांनी गाडी कोणती ते विचारलं आणि काउंटरसमोर तीन बॅटऱ्या मांडल्या.

पहिली साधी, वर सहा बुचं असलेली. वरचेवर बुचं उघडून डिस्टिल्ड वॉटर घालावं लागणार, गॅरंटी थोडी, किंमत कमी. दुसरी तशीच, पण चांगली थोराड. बाबांना ती लगेच आवडली. "मोठी ती चांगली," त्यांनी तिच्यावर थाप मारली. आईने टेप लावली. "बोनेट बंद होणार नाही."

"ताकत तो है इसमें," दुकानदार म्हणाले, "पर ये ट्रैक्टर की है, भाभीजी सही बोल रही हैं."

तिसरी बॅटरी सगळीकडून बंद होती. बुचं नाहीत, काही नाही. वर फक्त एक गोल काचेचा ठिपका, आत हिरवा रंग. "ये नई आई है. पानी-वानी का झंझट नहीं. ये आँख हरी दिखे तो तंदुरुस्त, काली पड़े तो चार्जिंग माँग रही है."

"बॅटरीला डोळा!" बाबा कित्येक दिवसांनी हसले.

आईने टेप लावली. लांबी बसत होती, उंची बसत होती. मी समोर उभी राहिले, प्लस उजव्या हाताला. मग आईने विचारलं, "दुकान में कब से रखी है ये?"

दुकानदारांनी बॅटरी फिरवली आणि बाजूला ठोकलेला, ती बनल्याचा महिना दाखवला. "ताज़ी है, देख लो. अच्छा पूछा आपने. रखे-रखे भी बैटरी बूढ़ी होती है. काम में रहे तो ठीक रहती है."

बाबांनी किंमत विचारली. ऐकून ते पुन्हा पहिल्या बॅटरीकडे बघू लागले. दुकानदारांनी चष्मा वर सरकवला.

"भाईसाहब, एक बात बताओ. गाड़ी बेचनी है कि चलानी है? बेचनी है तो ये पहली वाली ले जाओ, मैं खुद बोल रहा हूँ. चार महीने तो आराम से निकालेगी. और अगर चलानी है, जाड़े में, रोज़ सुबह-सुबह, तो फिर ये आँख वाली. अब आप सोच लो."

बाबांनी तोंड उघडलं. पण बोलली आई.

"चलानी है."

मी तिच्याकडे बघितलं. बाबांनीही बघितलं. मग ते हळू आवाजात मराठीत म्हणाले, "अगं, चालवणार कोण?"

"मी."

दुकानदारांनी चष्मा काढला आणि तो पुसत ते रस्त्याकडे बघू लागले. मराठी त्यांना समजत नसावं, पण नवरा-बायकोचं बोलणं कळायला भाषा कशाला लागते?

आजोबांनी लग्नाआधी आईला महूच्या मैदानावर जीप शिकवली होती, ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती. पण ती गोष्ट म्हणूनच. आईला मी इंदुरात सायकलवरसुद्धा बसलेलं पाहिलं नव्हतं.

"त्याला किती वर्षं झाली?" बाबा म्हणाले. "आणि ओंकारेश्वरला कोणाकोणाला घेऊन जाणार तू? कधीही निघायचं, कधीही परतायचं."

"ओंकारेश्वरला नाही. महूला." आईने टेप गुंडाळायला घेतली. "माझ्याकडे ब्लाउज शिवायला येतात ना त्या तीन मास्तरीणबाई? तिघी महूच्या शाळेत आहेत. रोज बसमध्ये लटकत जातात. पोचेपर्यंत साडीची इस्त्री पण राहत नाही म्हणतात. महिन्यावारी गाडी शोधतायत. मी विचारलं त्यांना. बाई चालवणार असेल तर अजूनच बरं, म्हणाल्या."

"त्यांना विचारलंस. मला नाही विचारलंस?"

"तुम्ही विकायचं ठरवलं, तेव्हा मला विचारलं होतं?"

ती हे रागाने म्हणाली नाही. भाजीत मीठ घातलं का, असं विचारावं तसं म्हणाली.  बाबांनी खिशात हात घातला.

"सेठ," ते म्हणाले, "आँख वाली दे दो."

घरी मेकॅनिकने वायरींच्या टोकांवरची पांढरी भुकटी गरम पाण्याने धुतली, घासून पुसली. बॅटरी जागेवर बसवून पट्टी आवळली, तेव्हा ती जरासुद्धा हलली नाही. आधी लाल वायर जोडली, मग काळी, आणि दोन्हींवर व्हॅसलिन लावलं. गल्लीतले सगळे जमले होते. बाबांनी चावी आईच्या हातात दिली.

आई पदर खोचून आत बसली. चावी अर्धी फिरवली आणि थांबली. "सेल्फ मारो ना काकी!" कोणीतरी ओरडलं. आई पिवळ्या दिव्याकडे बघत बसून राहिली. दिवा विझल्यावर तिने चावी पुढे फिरवली आणि गाडी पहिल्याच फटक्याला सुरू झाली. गल्लीने टाळ्या वाजवल्या. आईने गाडी वीस-पंचवीस पावलं नेली आणि भाजीच्या ठेल्यासमोर बंद पाडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद पाडली. शेजारी बसलेल्या बाबांनी दोन्ही हातांनी हँडब्रेक धरून ठेवला होता.

रविवारी मेकॅनिकनेच गाडी चालवत आम्हाला महूला नेलं. आजोबा मैदानावर आधीच येऊन उभे होते, पायात बूट, डोक्यावर मफलर. त्यांनी मुलीला एकदाच वरून खाली न्याहाळलं आणि शेजारच्या सीटवर बसले.

"क्लच पूरा दबा! सामने देख, जवान! हात को मत देख, हात अपनी जगह पर है!"

मी आणि बाबा मागे बसून एकमेकांवर आदळत होतो. आजोबा आईशी एरवी मराठीत बोलायचे. पण गाडीत बसले की ते फौजेत परत जात, आणि फौजेत आई त्यांची जवान होती. दुपारपर्यंत तिने मैदानाला कितीतरी चकरा मारल्या. मग आजोबांनी रिव्हर्स घ्यायला लावलं. दोन विटांमधून गाडी मागे न्यायची. पहिल्यांदा एक वीट गेली, दुसऱ्यांदा दोन्ही गेल्या. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आजोबांनी गाडी बंद करायला सांगितली. हलक्या आवाजात, आता मराठीत, ते म्हणाले, "बेटा, तू तेव्हा पण आधी विटा पाडायचीस. मग नाही पाडायचीस. पाणी पी."

चहा झाला, शेंगदाणे झाले. त्यानंतर विटा जागच्या जागी राहिल्या.

लायसन्स नव्याने काढावं लागलं. आर.टी.ओ.च्या आवारात आईने आठचा आकडा काढून दाखवला, तेव्हा रांगेतले लोक वळून बघत होते. तपासणारे साहेब म्हणाले, "बहनजी, स्कूटी नहीं, सीधे कार?" आई म्हणाली, "स्कूटी हमको आती नहीं."

थंडी पडायच्या सुमारास मास्तरीणबाईंच्या फेऱ्या सुरू झाल्या. बाबांना पहिल्या पाळीची सवय, पहाटे जाग यायचीच. ते उठून गाडीच्या काचा पुसायचे, टायर बघायचे, बोनेट उघडून त्या हिरव्या डोळ्यात डोकावायचे. "हरी है," अशी वर्दी देऊन मग चहा टाकायचे. वाटेतल्या राऊच्या वळणावर ट्रकांची रांग असे, आणि पहिला महिना आईचे खांदे संध्याकाळी दगडासारखे व्हायचे. मी तेल लावून द्यायचे. ती डोळे मिटून सांगायची, आज कोणत्या ट्रकवाल्याने हॉर्न मारला आणि आज कोणत्या ट्रकवाल्याने हात दाखवून आधी जाऊ दिलं. हळूहळू दुसऱ्या प्रकारचे जास्त निघू लागले. चौदा एप्रिलच्या जयंतीला महूला बाहेरगावचे पाहुणे आले, तेव्हा इंदूर स्टेशनपासून महूपर्यंत तिने एका दिवसात इतक्या चकरा केल्या की आजोबांनी तिच्यासाठी रस्त्यावर पाण्याचा लोटा घेऊन उभं राहायचं तेवढं बाकी ठेवलं.

बाबांनीही गाडी शिकून बघितली. दुसऱ्याच दिवशी कडुलिंबाला धडक दिली आणि "हे माझं काम नाही" म्हणून उतरले. त्यांचं काम वेगळ्याच वाटेने आलं. तिघींपैकी एका मास्तरीणबाईंनी बोलता बोलता आईला सांगितलं की त्यांच्या शाळेत हस्तकलेच्या खोलीत एक हातमाग पडून आहे, तो कोणाला लावता येत नाही. आईने घरी येऊन सांगितलं. बाबा म्हणाले, "मी हातमाग कधी चालवला नाही. आमचे माग विजेवरचे."  रात्री जेवून ताट उचलताना म्हणाले, "पण उभे-आडवे धागे, ताणा-बाणा तर तोच असतो."

दुसऱ्या दिवशी गाडीत मागे तीन मास्तरीणबाई आणि पुढे आईच्या शेजारी बाबा, असे ते महूला गेले. माग लावायला त्यांना बरेच दिवस लागले. लाकूड वाळून वाकलं होतं, दोऱ्या उंदरांनी खाल्ल्या होत्या. बाबा रोज काहीतरी घेऊन जायचे, कधी दोरी, कधी सुताराकडून घासून आणलेली पट्टी. शाळेच्या मोठ्या बाईंनी आधी त्यांना माग चालू होईपर्यंत ठेवलं, मग मुलांना शिकवायला ठेवलं. पगार मिलसारखा नव्हता. पण सकाळी डबा घेऊन निघायला एक जागा होती, आणि तिथे न्यायला आईची गाडी होती.

मुलांच्या हातून मागावर निघालेला पहिला तुकडा पंच्याएवढा होता, एका बाजूने रुंद, दुसऱ्या बाजूने अरुंद. बाबांनी तो घरी आणून आईपुढे ठेवला. "गाडीच्या काचेला होईल," ते म्हणाले. आईने तो हातात घेतला, उजेडात धरला, वीण बघितली. शिवणकाम करणारी बाई होती ती, वाकडेपणा तिला दिसला नसेल असं कसं होईल?

"काचेला कशाला?" ती म्हणाली, आणि घडी घालून तिने तो कपाटात साड्यांवर ठेवला.